किल्लीवाल्याचं सहावं बोट

६ जानेवारी

इस्त्रीवालीचं चित्र आज पुरं झालं. शाईनं काढलेलं माझं पहिलं माणूस. चौतीस वर्षं पाणीखात्यात नळांचे, टाक्यांचे, व्हॉल्व्हच्या खोल्यांचे नकाशे काढले, पण त्यात माणूस कधी आला नाही. एकदा टाकीची उंची लक्षात यावी म्हणून शेजारी एक माणूस उभा केला होता, तर साहेबांनी विचारलं, हा इथे काय करतोय? खोडावा लागला.

निवृत्त झाल्यावर महिनाभर घरात नुसती लुडबुड केली. शेवटी हिनं माझा टाक, दौत आणि निबांचा डबा टेबलावर आपटला. म्हणाली, "अहो, काहीतरी काढत बसा, पण सारखं माझ्या पायात पायात येऊ नका." नळ काढण्याची हौस फिटली होती, म्हणून खिडकीतून दिसणारी इस्त्रीवाली काढली. इस्त्री दाबताना ती खालचा ओठ दातांखाली धरते, तो बरोबर जमलाय.

सवयीनं कागदाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखली: 'काढले' आणि 'तपासले'. आमच्या खात्याचा नियम होता, काढणाऱ्यानं स्वतःचं काम स्वतः तपासायचं नाही. जे काढायचं मनात असतं तेच त्याला कागदावर दिसतं, म्हणून तपासणारा वेगळा. माझे नकाशे तपासायला ही असायची. लग्नाआधी तीन वर्षं आणि लग्नानंतर तिनं नोकरी सोडेपर्यंत. ऑफिसात तिला 'तांबडी पेन्सिल' म्हणत. केसाएवढी रेघ सरकली तरी गोल करून परत पाठवायची, आणि घरी आल्यावर भाजी चिरायला मलाच बसवायची. तिच्या हातून माझा एकही नकाशा पहिल्या फेरीत सुटलेला नाही.

आज चित्र तिच्या हातात दिलं. तिनं ते खिडकीपाशी नेलं, जवळ धरलं, लांब धरलं आणि म्हणाली, "छान आहे. सही कुठे करू?" मी चौकटीवर बोट ठेवलं, तिनं सही केली. थोडी चौकटीबाहेर गेली. नोकरी सोडून तीन वर्षं झाली, सवय नाही.

पहिल्या फेरीत पास. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

१५ जानेवारी

माणसांचे चेहरे हे इतकं मोठं प्रकरण असेल याची मला कल्पना नव्हती. औषधाच्या दुकानातला माणूस चिठ्ठी वाचताना डावी भुवई उचलतो आणि औषध सापडलं की खाली आणतो. रखवालदाराच्या कपाळावर टोपीनं पाडलेली रेघ आहे, टोपी काढली तरी तो टोपी घातल्यासारखाच दिसतो. आमच्या मजल्यावरच्या निवृत्त बाईंच्या हनुवटीवर खळी आहे आणि त्या बोलताना ती झाकतात. इतकी वर्षं ही माणसं रोज दिसत होती, मी बघितली मात्र आत्ता. कुणाच्याही समोर उभा राहिलो की विचारावंसं वाटतं, हे असं कसं झालं तुमचं?

शाईत गंमत ही की खोडता येत नाही. रेघ चुकली की तिच्याशी जुळवून घेऊन पुढे जायचं. तिरप्या रेघांची जाळी दाट केली की गालाखालची सावली येते. फार दाट झाली की दाढी येते. औषधवाल्याला थोडी दाढी आली आहे.

ही सगळ्यांवर सही करते. दाढीबद्दलही काही बोलली नाही.

२३ जानेवारी

आज किल्लीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याची फळकुटाची टपरी आहे. डाव्या हातात किल्ली, उजव्या हातात कानस. त्याला म्हटलं, हलू नकोस. म्हणाला, "साहेब, न हलता किल्ली कशी व्हायची?" मुद्दा बरोबर होता. मग तो हलत राहिला आणि मी काढत राहिलो. अडीच तास लागले. हात इतके जिवंत आले आहेत की मीच बघत बसलो. घासताना तो किल्ली मध्येच फिरवून धरतो, ती पकडही पकडली.

घरी हिला दाखवलं. "कोण आहे?" किल्लीवाला, म्हटलं. "हो की," म्हणाली, "अगदी तोच." सही.

हल्ली ती मलाच पेपर वाचून दाखवायला लावते. म्हणते, तुमच्या तोंडून ऐकलं की बातमी बरी वाटते. चौतीस वर्षांत माझ्या तोंडून काही ऐकून हिला बरं वाटल्याचं आठवत नाही. निवृत्तीनं संसार सुधारतो म्हणतात ते खरं दिसतंय.

३ फेब्रुवारी

एक नाजूक प्रकरण लिहून ठेवतो. इस्त्रीवालीनं आज मला अडवलं. "काका, ताई रागावल्यात का माझ्यावर? काल समोरून गेल्या, मी हसले, तर तशाच पुढे गेल्या. मी हाक मारली तेव्हा कुठे वळल्या, आणि मग अगदी लाडानं बोलल्या."

मी घरी येईपर्यंत विचार केला आणि उलगडा झाला. हिला माझ्या चित्रांचा मत्सर वाटतोय. इस्त्रीवालीचं काढलं, मजल्यावरच्या बाईंचं काढलं, हिचं मात्र काढलं नाही. बायकांना सरळ सांगायचं नसतं. सगळ्या चित्रांवर गुपचूप सही करणं हासुद्धा रुसवाच असणार. मी एकसष्टाव्या वर्षी असा मत्सराचा विषय व्हावा याचं थोडं हसू आलं, थोडं बरंही वाटलं.

आणखी एक. बोलताना ती माझ्या कानाकडे बघते. दोनदा कान पुसून आलो. साबण वगैरे काही नव्हता.

१२ फेब्रुवारी

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई सदस्यत्व नव्यानं करून देत होत्या, तेवढ्यात मी त्यांना मागच्या कागदावर काढलं. चष्म्याच्या वरून बघतात तेव्हा समोरचा माणूस आपोआप पुस्तक सरळ धरतो, ते आलं आहे. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाचायच्या खोलीच्या भिंती रिकाम्या आहेत. पंचवीस चित्रं द्याल? या भागातलीच माणसं. एक मार्चला लावू."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. हिला सांगितलं. तिचा चेहरा आधी खुलला, मग लगेच उतरला. "सगळी लावायची? लोक जवळून बघतील?" म्हटलं, चित्रं लांबून बघतात की काय? "मग दुसऱ्या कुणाकडून तरी एकदा तपासून घ्या," ती म्हणाली. "त्या ग्रंथपाल बाईंना दाखवा." मी म्हटलं, अगं, तू असताना दुसरं कोण? तुझी सही असली की मला जगाची पर्वा नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. चहा आणला तो बशीत सांडलेला. आनंदात माणसाचं लक्ष राहत नाही.

२० फेब्रुवारी

हिचा रुसवा काढायचा म्हणून चार दिवस हिलाच बसवतोय. चार चित्रं झाली, चारही फसली. नाक तिचं, कपाळ तिचं, ओठ मिटून हसणं तिचं, पण नजर माझ्यावर येत नाही. माझ्या उजव्या खांद्यापलीकडे कुठेतरी जाते. मी म्हणतो, माझ्याकडे बघ. ती म्हणते, "बघतेय की." मी परत काढतो आणि ती परत खांद्यापलीकडे.

चोवीस माणसांची नजर जमली आणि जिच्यासमोर चौतीस वर्षं बसलो तिची जमत नाही. माझ्या हातात काहीतरी खोट असली पाहिजे. आज संध्याकाळी निबा बदलून पाहिल्या. उगाच चिडलो, तिच्यावरही चिडलो. ती म्हणाली, "राहू दे ना मग. मला कशाला लावता भिंतीवर?" त्यातल्या त्यात बरं म्हणून चौथं भिंतीसाठी ठेवलं आहे.

१ मार्च

फजिती झाली.

खोली भरली होती. माणसं स्वतःला शोधत होती, सापडलं की लाजत होती. रखवालदार टोपी काढून स्वतःच्या चित्रासमोर उभा राहिला. इस्त्रीवालीनं नवऱ्याला आणलं होतं, तो म्हणाला, "ओठ चावलाय तो माझ्यावर रागावल्यावर चावते तसाच." सगळे हसले. मला वाटलं, हाच माझ्या आयुष्यातला चांगला दिवस.

मग कुणाची तरी शाळेतली मुलगी किल्लीवाल्याच्या चित्रासमोर बोटं मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. परत मोजली. सहाच. त्यानं पकड बदलली तेव्हा मी तर्जनी दुसऱ्यांदा काढली होती. दोन तर्जन्या, दोन्ही उत्तम, नखांसकट.

खोली हसायला लागली. किल्लीवाला तिथेच होता. तो माणूस मोठ्या मनाचा. म्हणाला, "राहू द्या साहेब, धंद्यात एक बोट कमीच पडतं." त्यानं तर हसू आणखी वाढलं. एकानं खाली वाकून चौकट वाचली, "आणि तपासलंयसुद्धा." ही दाराजवळच्या खुर्चीत बसली होती. तिनं सगळं ऐकलं. उठली नाही.

घरी आलो. दार लावलं आणि तोंड सुटलं. म्हटलं, अर्ध्या मिलिमीटरसाठी माझे नकाशे परत पाठवलेस. एकदा सगळ्या खात्यासमोर मला उभं केलंस. आणि इथे माणसाला सहा बोटं आहेत ती तुला दिसली नाहीत? की दिसली तरी मुद्दाम बोलली नाहीस? लोक मला हसावेत असं वाटत होतं तुला?

ती उभी होती ती स्टुलावर बसली. मग विचारलं, "सहा होती?"

गाडी गेली का असं विचारावं तसं. मला आणखीनच राग आला. तसाच आत आलो आणि हे लिहितोय. इतक्या वर्षांनी मला असं वागवायचं कारण तरी कळावं.

२ मार्च

सकाळी कालचं वाचलं. 'सहा होती?' या दोन शब्दांशी थांबलो. तांबडी पेन्सिल असं विचारत नाही. ती सांगते.

ती स्वयंपाकघरात कप धूत होती. मी दाराशी उभा राहून नुसता बघत राहिलो, चित्र काढायला बघतो तसा. ती कपात बोट घालून कड चाचपत होती. साबण संपला होता आणि डबा समोर होता. तिनं हात ओट्यावरून सरकवत नेला, आधी तेल, मग मीठ, मग साबण. मी दोन महिने सगळ्या गावाचे चेहरे बघत हिंडलो.

मी वही उघडी धरली, त्यात एकच मोठा आकडा लिहून. "हे काय लिहिलंय?"

"तुमचं अक्षर कधी कुणाला लागलंय का?"

"अगं, मी आकडा लिहिलाय."

तिनं नळ बंद केला. हात पुसले, नीट पुसले, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाली, "मधे एक डाग आहे. बघावं तिकडे तो आधी जाऊन बसतो. डाव्या डोळ्यात चार वर्षं. उजव्यात यंदा."

चार वर्षं. म्हणजे 'कंटाळा आला' म्हणून वेळेआधी नोकरी सोडली ती याच्यासाठी. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तिनं तिच्या मावशीचं सांगितलं. मावशीची नजर गेली तेव्हा घरच्यांनी प्रेमानं तिला खुर्चीत बसवलं आणि हातातलं एकेक काम काढून घेतलं. "शेवटी माझ्या मावशीला विचारायचे, पाणी प्यायचंय का. तिला स्वतः उठून प्यायचं होतं."

"आणि चित्रं?"

"तुम्ही इतके आनंदात होतात. मी तपासू शकत नाही म्हणाले असते तर तुम्ही काढलीच नसतीत. तुमचा नियम मला माहीत नाही का?" मग तिचा आवाज बिघडला. डोळ्यांचं सांगताना बिघडला नव्हता. "पंचवीस कागदांवर मी खोटी सही केली हो. आयुष्यात एक केली नव्हती."

मला फार शरम वाटली. मी तिच्या रुसव्यावर पान भरलं आहे, वर वाचा. तिला मात्र वाचून दाखवलं नाही.

आमच्या मुलीला फोन केला. ती रडली, मग दवाखान्याचा नंबर दिला. तोवर ही मागून सांगत होती, "तिला म्हणावं रजा काढून धावत येऊ नकोस. मी अजून इथेच आहे."

१० मार्च

डोळ्यांचे डॉक्टर तरुण आहेत, हळू बोलतात. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो, ते म्हणाले. कडा शाबूत राहतात. म्हणजे माणूस चालेल, फिरेल, पण वाचणं आणि चेहरे जातात. डाव्याचं गेलं ते परत येणार नाही. उजव्यात मात्र आत्ताच गळती सुरू झाली आहे, तिथे दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर उरलंय ते टिकण्याची आशा आहे. "आणखी दोन-तीन महिने थांबला असतात तर तेही सांगता आलं नसतं. आत्ता कशामुळे आलात?"

ही म्हणाली, "यांनी एकाला सहा बोटं काढली."

डॉक्टर हसावं की नाही या विचारात पडले.

मग त्यांनी तिला त्यांच्याकडे बघायला सांगितलं. तिनं त्यांच्या कानाकडे बघितलं. डॉक्टर मला म्हणाले, "बघा, या आपसूक शिकल्या आहेत. सरळ बघितलं तर समोरचा माणूस डागात जातो. म्हणून जरा बाजूला बघतात, मग तो कडेच्या नजरेत येतो. त्या तिकडे बघतात तेव्हाच तुम्ही त्यांना दिसता."

येताना वाचनालयात तिचं चौथं चित्र बघितलं, घरी आल्यावर उरलेली तीन टेबलावर मांडली. चारही बरोबर आहेत. माझ्या हातात खोट नव्हती. चारही वेळा ती मलाच बघत होती, आणि मी तिच्यावर चिडत होतो.

१२ मार्च

ग्रंथपाल बाईंकडे जाऊन आलो. हिनं सांगितल्याप्रमाणे चोवीस चित्रांवरची 'तपासले' ही ओळ शाईनं काळी केली. ती स्वतः बरोबर होती, कुठली राहिली का विचारत होती. किल्लीवाल्याचं चित्र त्यानं मागून नेलं. टपरीत लावलंय. गिऱ्हाईकं बोटं मोजतात, तोवर किल्ली होते.

पंचविसावं चित्र हिचं. त्यावरची सही तिनं राहू दिली. म्हणाली, यातली नजर आता डॉक्टरांनी तपासली आहे.

७ एप्रिल

पहिलं इंजेक्शन होऊन पंधरा दिवस झाले. डोळा लाल होता तो निवळला. नजर वाढलेली नाही, कमीही झालेली नाही. सध्या आम्ही 'कमी झालेली नाही' यावर खूश आहोत.

स्वयंपाकघर तिचंच आहे. मी हात घालायला गेलो की ओरडा बसतो. मी फक्त डबे हलवत नाही, तेवढंच काम.

आज दुपारी तिनं वाणसामानाच्या यादीचं जाड काळं पेन उचललं, माझा एक मोठा कागद ओढला आणि म्हणाली, "बसा समोर." मला वाटलं थट्टा करतेय. तिनं आयुष्यभर लोकांच्या रेघांभोवती गोल काढले, स्वतःची रेघ कधी काढली नाही.

तिनं खुर्ची माझ्या गुडघ्यांना लागेपर्यंत पुढे ओढली. नाक कागदाला टेकवून एक रेघ काढायची, मान वर करून माझ्याकडे बघायची, परत खाली. तासभर लागला. मला चोवीस माणसांची कीव आली, बसणं हे काम सोपं नाही.

मग तिनं कागद माझ्याकडे केला. डोक्याचा घेर होता. विरळ झालेले केस, मानेवरची वळी, शर्टाची कॉलर, तिची एक बाजू आत दुमडलेली, वरचं बटण. दोन्ही कान, आतल्या वळणांसकट. मधे काही नव्हतं. पांढरा कागद.

मी म्हटलं, "नाक-डोळे राहिले."

"ते मला दिसत नाहीत."

"पण आठवत असतील ना?"

"पाठ आहेत. पाठ आहे ते काढायचं नसतं, समोर दिसतं ते काढायचं. चौतीस वर्षं तुम्हाला दुसरं काय सांगत होते?"

 चेहरा तिला दिसणार नव्हता, तरी मी तो फिरवला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "कान वरखाली झालेत. डावा खाली गेलाय."

"गेला नाही. आहे."

"एकसष्ट वर्षांत मला कुणी सांगितलं नाही."

"एकसष्ट वर्षांत तुमच्या कानांकडे बघितलंय कुणी?"

मी उठून आरशापाशी गेलो. पट्टी आडवी धरली. डावा कान उजव्यापेक्षा चांगलं अर्धं बोट खाली आहे. माझा चष्मा नेहमी डावीकडे का कलतो म्हणून मी आजवर पाच चष्मेवाल्यांशी भांडलो आहे.

परत येऊन सांगितलं, "बरोबर आहे."

"मग बसा गप," ती म्हणाली. "अजून खांदे व्हायचेत."